बाभळीवरची माळ

फोन आला तेव्हा मी दुकानात होते. केनवडला आमचं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. पावसानं झड लावून नुकती कुठे उघडीप दिली होती, त्यामुळे सोयाबीनवरच्या अळीचं औषध न्यायला सकाळपासून गर्दी. फोनवर रशीदभाई होते, माझ्या भावाचे मित्र. "ताई, भाऊले घरी आणून राह्यलो. तुमी निंघा." मी विचारलं, कुठून आणताय? "धरणावरून," ते म्हणाले. मला जो राग आला तो अजून आठवतो. नाल्याला पूर, पाणी बांधाला लागलेलं, आणि हा माणूस मासे धरायला गेला. "घसरला असंल. पाय मोडून घेतला असंल. द्या बरं त्याच्याजवळ फोन," मी म्हणाले. फोन कुणाजवळ गेलाच नाही. पलीकडे रशीदभाई रडत होते, आणि माझ्यासमोर एक गिऱ्हाईक बाटली उलटीपालटी करून विचारत होतं, "हे किती पंपाले पुरते?" मी त्याला नीट समजावून सांगितलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक. मग शटर ओढलं.

अरुण माझा थोरला भाऊ. घरात सगळे त्याला भाऊच म्हणत, मायसुद्धा. वडील लवकर गेले, तेव्हापासून मेडशीजवळचं आमचं शेत त्यानंच सांभाळलं. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर... जे बाजारात जाईल ते. शेताच्या खालच्या अंगाला धरणाचा फुगवटा येऊन टेकतो आणि शिवारातला नाला तिथंच त्या पाण्यात उतरतो. काठावर एक जुनी बाभूळ आहे. उन्हाळ्यात ती पाण्यापासून लांब कोरड्यात उभी असते, पावसाळ्यात पाणी तिच्या बुडाशी येतं. शेतातून घरी येताना भाऊ तिथं उगाच थांबायचा. मला वाटायचं, थकला असेल.

आमची माय माळकरी. भाऊ लहानपणी तापातून मरता मरता वाचला, तेव्हा तिनं त्याच्याही गळ्यात तुळशीची माळ घातली. एकदा माळ घातली की मांस-मासळी नाही, दारू नाही, आणि माळ उतरवायची नाही. आंघोळीत नाही, दुखण्याखुपण्यात नाही. माणूस गेला तरी ती गळ्यातच राहते, माळेसकटच त्याला नेतात. हे आमच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगत नाही, मीठ खारट असतं हे जसं सांगावं लागत नाही तसं. आणि अशा घरातल्या अशा माणसाला नाद लागला तो मासेमारीचा.

लावला रशीदभाईंनी. मेडशीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. भाऊच्या विहिरीवरची मोटार जळायची, तो ती घेऊन जायचा, आणि मोटारीत नवी तार भरून होईस्तोवर दोघं मोबाईलवर मासेमारीचे व्हिडिओ पाहायचे. कोकणातल्या कुठल्याशा खाडीत, मोठा पाऊस होऊन गेल्यावर, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून नकली मासळी फेकतायत आणि ओढतायत. नदीचं गढूळ पाणी खाडीच्या पाण्यात शिरतं तिथं एक रेघ दिसते, मोठा मासा त्या रेघेवर टपून असतो, म्हणे. भाऊ म्हणाला, "आपला नालाबी धरणात असाच शिरते. आपली खाडी तेच." मग दोघांनी मिळून काठी, रीळ आणि रबराचा बेडूक मागवला. हिरवा, पोटाशी पिवळा, पाठीवर दोन गळ लपवलेले. भाऊनं पहिल्याच दिवशी कानस घेऊन त्या गळांचे उलटे दात घासून काढले, म्हणजे मासा सुटताना फाटायला नको. आमच्याकडे मरळ असते, सापासारख्या तोंडाची. ती गवतात दबा धरून बसते आणि बेडूक दिसला की भसकन उडी घेते. भाऊ ती धरायचा, पाण्यातच तिला हातानं आधार देऊन गळ काढायचा, आणि सोडून द्यायचा. मासळी एकदाही आमच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. रशीदभाई स्वतःसाठी एखादी न्यायचे, तर भाऊ तेवढा वेळ तोंड फिरवून बिडी नसलेल्या हातानं बिडी ओढल्यासारखं करायचा. ती सवय वडिलांची.

मायचा आणि त्याचा मग कायमचा तंटा. ती भांडायची नाही, त्याच्याकडे न पाहता बोलायची, आणि ते भांडणापेक्षा वाईट. "बेडूक रबराचा हाय माय. किडा नाई, गांडूळ नाई. जीव कोनाचा गेला?" तो म्हणायचा. "त्या मासोळीले इचार," माय म्हणायची. तो विहिरीवर आंघोळ करून, कपडे बदलून मगच घरात यायचा. तेवढ्यावर मायनं चालवून घेतलं होतं. मग गावातल्या कुणीतरी तिच्या कानावर घातलं की तुमचा अरुण मासे धरताना माळ काढून बाभळीच्या फांदीला टांगतो. त्या दिवशी माय जेवली नाही. भाऊ घरी आला तेव्हा माळ गळ्यात होती. तिनं फक्त त्या माळेकडे पाहिलं आणि विचारलं, "काढतं का तू?" तो हो म्हणाला. "काहून?" तो बादली उचलून परसात गेला. पुढे माय त्याच्याशी बोलायची, ताट वाढायची, ताप आला तर उशाशी बसायची, पण तो शेतातून धरणाकडे वळला की ती घराचा दरवाजा लोटून घ्यायची. भर दिवसा. तिला वाटायचं, आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवावं तशी यानं माळ काढून ठेवली. देवापेक्षा मासोळी मोठी झाली याला.

मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. गेल्या पोळ्याला मी माहेरी गेले होते. दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी गावात घरोघरी मटण शिजतं आणि आमच्या घरी वरण-भात. आदल्या रात्रीपर्यंत पाऊस कोसळत होता. सकाळी ऊन पडलं, तसा भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "येतं का पाहाले?" मी गेले. चिखलात चप्पल रुतून तुटली, त्याबद्दल मी त्याला बाभळीपर्यंत बोल लावले. रशीदभाई आधीच तिथं येऊन थांबले होते. नाल्याचं पाणी चहाच्या रंगाचं, त्यात पालापाचोळा, कुणाचं तरी फुटकं टोपलं वाहत आलेलं. पण ते धरणाच्या पाण्यात जिथं मिसळत होतं तिथं खरंच एक रेघ होती. अलीकडे चहा, पलीकडे हिरवट स्वच्छ. भाऊनं माळ काढली, दोन्ही हातांनी, कपाळाला लावली आणि बाभळीच्या खालच्या डांगीला काटे चुकवून अडकवली. मी म्हणाले, "कशाला काढतोस रे? माय तिकडे मरून राह्यली." तो म्हणाला, "दोरात अडकते." एवढंच. आणि बेडूक फेकला.

मी शेतकऱ्याची लेक, औषधाच्या दुकानात आयुष्य गेलं, पण तसलं काही मी आधी पाहिलं नव्हतं. पाण्यात बुडालेल्या गवतावरून तो बेडूक टुक... टुक... करत यायचा, थांबायचा, विचार केल्यासारखा पुन्हा हलायचा. भाऊचं मनगटच फक्त हलत होतं. आमच्या घरात सगळ्यांत अवघडलेला माणूस तो, लग्नाच्या फोटोतसुद्धा हात कुठे ठेवावेत हे न कळलेला. तिथं मात्र तो इतका मोकळा होता की मला त्याच्याकडे पाहायला संकोच वाटला. एवढ्यात पाण्यावर लालसर चट्टा उमटला. तांबड्या मुंग्यांचा थवा पाण्याखाली असावा तसं काहीतरी थरथरत होतं. भाऊनं भराभर दोर गुंडाळला. ती मरळीची पिल्लं, त्यानं सांगितलं, खाली आई-बाप राखण करत असतात. रशीदभाई म्हणाले, आता फेकलं तर हमखास लागते. भाऊ म्हणाला, "ते भुकेनं नाई येनार, रागानं यीन. पोरांसाठी रागावलेल्याले काय फसवायचं." आणि त्यानं जागाच बदलली. मी हसले. म्हटलं, मासळीची दया येते आणि मायची नाही. तो नुसता हसला. मला वाटतं त्याला लागलं असावं... आता कुणाला विचारू.

त्याच्या दुसऱ्या एका खोडीवर आमची वहिनी आयुष्यभर चिडत राहिली. टमाट्याचं क्रेट भरताना अख्खं जग चांगला माल वर ठेवतं. खाली डागी, वर लालबुंद. व्यापाऱ्यालाही ते माहीत असतं, तो वरचा थर काढून खालचा पाहतो, दोघं वाद घालतात आणि व्यवहार होतो. भाऊ क्रेट भरायचा तो हाताला येईल तसा. वहिनी मागून जाऊन चांगले वर आणायची, हा पुन्हा हात घालून सगळं ढवळायचा. "लोक काय म्हनतीन, हे काय भरनं झालं?" ती म्हणायची. "जसा हाय तसा दिसला पायजे," तो म्हणायचा. आम्ही सगळे याला वेंधळेपणा समजत होतो. त्याच्या माळेचा आणि क्रेटचा एकमेकांशी काही संबंध असेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फोन आला त्या दिवशी मी मेडशीला घरी पोचले तेव्हा भाऊला ओसरीत ठेवलं होतं. रशीदभाई अंगणात फाटकापाशी उभे, कपडे चिखलानं भरलेले. त्यांनी सांगितलं ते असं. पाणी निवळायला लागलं होतं म्हणून दोघं सकाळीच गेले. भाऊला मोठी मरळ लागली. त्यानं ती जवळ आणली, मग अचानक म्हणाला, "रशीद, धर जरा काठी." यांना वाटलं पाय घसरतोय. काठी हातात घेतली तोवर भाऊ गवतात खाली बसला, छातीवर हात ठेवून. यांनी काठी टाकली, मासा ती काठी ओढत कुठे गेला कुणास ठाऊक, आणि भाऊला पाठीवर घेऊन हे चिखलातून सडकेपर्यंत पळाले. जीप मिळाली. पण डॉक्टरकडे पोचण्याआधीच... "बोलला नाई का काही?" वहिनीनं विचारलं. "मासा सोड म्हने," रशीदभाई म्हणाले.

आंघोळ घालायच्या वेळी मायनं त्याच्या गळ्याला हात लावला. मग सदऱ्याची कॉलर मागे सारून पुन्हा पाहिलं. "माळ कुठी हाय?" ती म्हणाली. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "माळ कुठी हाय माह्या लेकाची?" रशीदभाई फाटकातूनच म्हणाले, "बाभळीवर राह्यली, माय. घाईत..." आणि बोलता बोलता ते वळून पळाले. त्यांच्या मागे गावातले दोघं-तिघं गेले. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. ते परत आले तेव्हा चिंब होते आणि रशीदभाईंचे दोन्ही हात काट्यांनी सोलवटलेले. नाल्याला दुसरा लोंढा आला होता, बाभूळ अर्धी पाण्यात उभी होती, खालच्या डांगी दिसतच नव्हत्या. त्यांनी पाण्यात हात घालून घालून चाचपलं होतं. काटे सोडून काही हाताला लागलं नव्हतं.

कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं, दुकानातून नवी माळ आणू. मायनं मान हलवली. "नवी माळ त्याची कशी होईन? त्याची त्यानं टाकली. टाकली म्हून असा गेला. आता जाऊ द्या बिनमाळेचा." आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी खूप मरणं पाहिली आहेत, पण आई मुलाच्या देहाकडे पाठ करून बसलेली कधी पाहिली नव्हती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो झटकला. बाहेर माणसं खोळंबलेली, वरून पाऊस, वहिनी एका कोपऱ्यात गोठल्यासारखी... आणि मायला त्याचा चेहरा पाहायचा नव्हता. तसंच उचललं तर ती उरलेलं आयुष्य भिंतीकडेच पाहत काढणार हे मला दिसत होतं.

रशीदभाई तेवढ्यात ओसरीत आले. ते एरवी कधी पायरीच्या वर येत नसत. मायच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, जमिनीवर बसले. "टाकली नाई त्यानं, माय. आईका तं खरं." माय हलली नाही. ते तिच्या पाठीशीच बोलत राहिले. "मीबी पयले म्हटलं होतं त्याले, काढतं कायले, तू कुठी जीव घेतं? तं तो म्हने, जीव नाई घेत, पन खोटं तं बोलतो ना मी. बेडूक रबराचा, मासोळीले वाटते खरा. हे खोटंच झालं. माळ घालून खोटं बोलता येत नाई. म्हने, मायनं घातलेली हाय, तिच्यासामने कसा फसवू कोनाले. म्हून काढून कपाळाले लावे आन् झाडाले ठेवे. घरी येताना पयले माळ, मंग चप्पल." मग जरा थांबून म्हणाले, "तुमाले सांगाले भेत होता. म्हने, माय म्हनीन, येवढं समजते तं जातं काहून. त्याचं उत्तर नाई माह्याजवळ, म्हने."

माझ्या मनात "दोरात अडकते" हे त्याचं उत्तर आलं. माझ्याशी खोटं बोलला होता, पण तेव्हा माळ झाडावर होती... मला रडता रडता हसू आलं, आणि मग जे रडू आलं ते थांबेना. माय हळूहळू वळली. तिनं रशीदभाईंना विचारलं, "असं म्हने?" "दरखेपी म्हने." माय भाऊच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "टमाट्याचं क्रेटबी असंच भरे तो," ती वहिनीला म्हणाली, काहीतरी हरवलेलं सापडल्यावर घरातल्या माणसाला सांगावं तसं. मग तिनं दोन्ही हात मानेमागे नेले. तिची माळ मी जन्मापासून तिच्या गळ्यात पाहिलेली. मणी घासून गुळगुळीत झालेले, दोरा काळा पडलेला. ती तिनं डोक्यावरून काढली, कपाळाला लावली, आणि भाऊचं डोकं उचलून त्याच्या गळ्यात घातली. तिला कुणी अडवलं नाही. माळ छातीवर सारखी करून ती म्हणाली, "घ्या आता. उचला." आणि मग ती जी ओरडून रडली, त्या रडण्याची आम्ही सगळे सकाळपासून वाट पाहत होतो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. बाभूळ अजून पाण्यातच आहे, नुसता शेंडा दिसतो. रशीदभाई दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून तिकडे जातात. पाणी उतरलं की माळ सापडेल अशी त्यांची समजूत आहे. मी त्यांना काही म्हणत नाही. मी स्वतः बहिणीसारखं काय केलं ते सांगायचं तर काहीच नाही. दुकान उघडते, बंद करते. पाऊस पडून उघडला, ऊन पडलं, की वाटतं, ही वेळ त्याची, आता तो निघाला असेल, आणि मग कळतं. दर उघडिपीला नव्यानं कळतं.

गेल्या सोमवारी मेडशीला गेले तेव्हा मायसाठी वाशीमहून नवी माळ घेऊन गेले होते. भजनाच्या बायका मायला विचारतात, गळा रिकामा काहून? ती पदर गळ्याभोवती ओढून घेते. मला वाटलं, नवी माळ घ्यायचं तिच्या मनात असेल पण बोलवत नसेल. दुपारची जेवणं चालली होती. माय ओसरीत ताट घेऊन बसलेली, वहिनी आत चुलीपाशी. मी माळ तिच्या हातात दिली. तिनं मणी बोटांनी पाहिले, वास घेतला, आणि माझ्या मांडीवर परत ठेवली.

"तुह्याजवळ राहू दे. मले नाई जमत आता."

"काहून, माय?"

ती काही सांगणार तोच आतून वहिनीचा आवाज आला, "आई, जेवल्या का नाई? भाकर वाढू का आनखी?"

"नको वं बाई, जेवली मी. पोटभर जेवली. बरं वाटून राह्यलं आज," मायनं आत ओरडून सांगितलं. तिच्या ताटात भाकर अख्खी होती. कालवणावर साय धरली होती. मग ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ हेच सांगतो तिले. नाई सांगतलं तं तेबी जेवत नाई. आता तूच सांग, माळ घालून हे कसं बोलू?"

मी माळ पर्समध्ये ठेवली. वहिनी ताट न्यायला बाहेर यायच्या आत मायच्या ताटातली अर्धी भाकर मी खाल्ली.